परसातल्या हौदात कोई मासे : कमी खर्चात कसं जमवायचं?

सातारकरीण
नमस्कार मंडळी. आमच्या घरामागे सासऱ्यांनी १९८८ साली बांधलेला सिमेंटचा हौद आहे. दहा फूट बाय सहा फूट, साडेतीन फूट खोल. गच्चीवर टाकी आली तसा तो नुसता पडून होता. दोन वर्षांपूर्वी भाच्याने त्याच्या काचेच्या टाकीत मावेनासे झालेले कोई (रंगीत जपानी कार्प मासे) आणून त्यात सोडले. तेव्हा बोटाएवढे होते, आता वीतभर झालेत. चौदा आहेत. सोळा होते, गेल्या महिन्यात दोन गेले.

पाणी हिरवंगार, पालकाच्या सूपसारखं. खायला टाकलं की रंग दिसतात, एरवी हौदात मासे आहेत हे पाहुण्यांना शपथेवर सांगावं लागतं. दुकानदाराने फिल्टर, यूव्ही दिवा आणि पंप मिळून अडतीस हजार सांगितले. शिवाय दर महिन्याला सहाशे रुपयांच्या निळ्या-पिवळ्या बाटल्या चालूच आहेत. आमचे हे म्हणतात, अडतीस हजारांत दोन वर्षं सुरमई खाऊ.

तर यातलं खरोखर गरजेचं काय आणि बिनकामाचं काय? स्वस्तात सांभाळणारं कोणी आहे का?

बोरूबहाद्दर
शीर्षक वाचून वाटलं आंब्याच्या कोयी हौदात रुजत घालायच्या आहेत. उत्साहाने आलो होतो. :(

वांगीभरीत
@बोरूबहाद्दर, हसून हसून पुरेवाट. मीही त्याच आशेने. पायरीची कोय आहे माझ्याकडे.

पाणदिवड
ताई, आधी दोन आकडे काढू. हौद साडेतीन फूट असला तरी पाणी काठोकाठ नसणार. तीन फूट धरा. १० × ६ × ३ म्हणजे १८० घनफूट, एका घनफुटात साधारण २८.३ लिटर. म्हणजे तुमच्याकडे पाच हजार लिटर पाणी आहे.

आता मासे. कोई वीतभर राहत नाही. नीट खाल्लं-प्यायलं तर दोन फुटांचा होतो आणि वीस-पंचवीस वर्षं सहज जगतो. पूर्ण वाढलेल्या एका माशाला हजार लिटर, हा ढोबळ हिशेब. तुमच्या हौदात पाच मासे मावतात. तुम्ही चौदा ठेवलेत. दुकानदार जो अडतीस हजारांचा फिल्टर सांगतोय, तो या नऊ जादा माशांसाठी आहे.

मासा खातो, कल्ल्यांवाटे आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. अमोनिया विषारी. पाण्यातले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात (तेही विषारी) आणि मग नायट्रेट, जे बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं. फिल्टर म्हणजे या जिवाणूंना चिकटून बसायला दिलेली जागा, बाकी काही नाही. यूव्ही दिवा फक्त तरंगतं शेवाळ मारतो. अमोनियाला तो हातही लावत नाही. पाणी काचेसारखं दिसतंय आणि मासे मरताहेत, असं बघितलंय मी.

उलट हिरवं पाणी म्हणजे शेवाळ तुमचा अमोनिया फुकटात खातंय. त्याचे दोन तोटे मात्र आहेत. रात्री तेच शेवाळ प्राणवायू ओढतं, म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. आणि भर उन्हात दुपारी पाण्याचा पीएच चढतो. पीएच चढला की तेवढाच अमोनिया जास्त जहाल होतो. तुमचे दोन मासे सकाळी मेलेले दिसले की संध्याकाळी?

सातारकरीण
@पाणदिवड, दोन्ही सकाळी! सहा वाजता दूध घ्यायला उठले तेव्हा. आणि हो, बाकीचे वर येऊन मचमच करत होते. मला वाटलं भूक लागली म्हणून मूठभर दाणे टाकले. :( आदल्या दिवशी ढगाळ होतं आणि रात्रभर लाईट नव्हती. दुकानातून आणलेला छोटा हवेचा पंप आहे, तो बंद होता.

पाणदिवड
झालं मग निदान. ढगाळ दिवशी शेवाळाने प्राणवायू कमी बनवला, रात्री नेहमीएवढाच वापरला, वर हवा बंद. अशा वेळी खायला अजिबात टाकायचं नाही, पचवायलाही प्राणवायू लागतो. बादलीने हौदातलंच पाणी उपसून दोन फुटांवरून परत ओतत राहायचं. अर्ध्या तासात मासे खाली जातात. खर्च शून्य, फक्त खांदे दुखतात.

तात्या_पेणकर
एवढं शास्त्र कशाला? आमच्या विहिरीत आजोबांच्या काळापासून मासे आहेत, कोणी फिल्टर लावला नाही. हिरव्या पाण्यावर उपाय एकच. तुरटीचा खडा दोरीला बांधून चार फेऱ्या मारा. गाळ खाली, पाणी निवळ.

पाणदिवड
तात्या, विहिरीत पाणी किती आणि मासे किती? शिवाय झरा जिवंत असतो, पाणी आपोआप बदलतं. तुरटीबद्दल मात्र असहमत. तुरटी पाण्याचा क्षारपणा खाते, पीएच एकदम कोसळू शकतो आणि कल्ल्यांना झोंबतं ते वेगळंच. माठातल्या पाण्याला ठीक, ज्यात कोणी श्वास घेतंय त्या पाण्याला नको.

तात्या_पेणकर
आम्ही फिरवायचो. मासे जगायचे.

गुळांबा
तात्या, आमच्याकडे आजोबा रोज चाळीस विड्या ओढायचे आणि नव्वदीपर्यंत जगले. डॉक्टरांनी तरी विडी लिहून दिली नाही.

तात्या_पेणकर
बरं बरं. इनो घेतो.

नळावरचा_भांडखोर
माझी चूक सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणाची होणार नाही. पाणी कमी झालं होतं म्हणून नळाचा पाइप टाकीत सोडला आणि 'पाच मिनिटांत बंद करतो' म्हणून आत मॅच बघायला बसलो. पाऊण तास. त्या दिवशी पाण्याला ब्लीचिंगचा वास जरा जास्तच होता, पावसाळ्यात असतोच. बाहेर आलो तर सात मासे कडेला आडवे, कल्ले फाकलेले, कातडीवर पांढरट बुळबुळीत थर आणि अंग घासत धडपडताहेत. एकच वाचला. तो अजून आहे, त्याचं नाव फॉलोऑन.

तर नळाचं पाणी थेट नको. पिंपात भरून, उघडं ठेवून, एक दिवस उन्हात. किंवा हायपो टाका. फोटो धुणाऱ्यांकडे पूर्वी खडे मिळायचे तेच, सोडियम थायोसल्फेट. हजार लिटरला दहा ग्रॅम साध्या क्लोरिनला पुरतं. क्लोरिन मारायची म्हणून जी बाटली विकतात, तिच्यात बहुतेक वेळा हेच विरघळवलेलं असतं. केमिकलच्या दुकानात किलोने घ्या, कैक वर्षं संपणार नाही.

रातराणी
फॉलोऑन =)) =))
वाचतेय. वाचनखूण साठवली.

गोदाकाठचा_माळी
ताई, फिल्टर घरी होतो. माझा सहा वर्षं चाललाय, सविस्तर सांगतो.

दोनशे लिटरचं निळं पिंप घ्या. भंगारवाल्याकडे घेणार असाल तर आधी त्यात काय होतं ते विचारा. वास येतोय तर फुकटही घेऊ नका. लोणच्याचं किंवा सिरपचं असलं तर उत्तम. हौदातून पंपाने पाणी पिंपाच्या तळाशी सोडायचं, ते वर चढत येतं आणि तोंडाजवळच्या दोन इंची पाइपातून परत हौदात पडतं. मध्ये भरायचं काय? बाजारात त्यासाठी 'मीडिया' नावाची महाग चक्रं मिळतात. मी कांद्याच्या जाळीच्या रिकाम्या गोण्या भरल्या. लासलगाव जवळ, त्यामुळे फुकट. धुऊन, चुरगाळून, ठासून भरल्या. प्लास्टिक कुजत नाही. आधी नारळाचा काथ्या घालून पाहिला होता, तो चार महिन्यांत कुजला आणि पाणी चहासारखं झालं.

तळाशी एक कॉक बसवा. आठवड्याला तो उघडला की गाळाचं काळं पाणी बाहेर येतं. ते पाणी गटारात सोडलंत तर मी तुमच्याशी बोलणार नाही. झाडांना घाला. माझा कढीपत्ता दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत शिरलाय.

दोन गोष्टी जपा. जाळ्या कधीही नळाखाली धुवायच्या नाहीत, जिवाणू मरतात. हौदाच्याच बादलीभर पाण्यात खळबळून घ्यायच्या, त्याही सगळ्या एका दिवशी नाही. आणि फिल्टर लावल्याबरोबर चालू होत नसतो. जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर खाणं निम्मं.

वीज : चाळीस वॉटचा पंप चोवीस तास म्हणजे रोज ०.९६ युनिट, महिन्याला एकोणतीसेक. दहा रुपये युनिट धरलं तरी तीनशेच्या आत. पंप रात्री बंद ठेवून पैसे वाचवायला जाऊ नका, पाणी थांबलं की जाळ्यांमधले जिवाणू गुदमरतात. आणि पाण्यात वीज सोडताय, तर ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला हवाच. तिथे काटकसर नको.

सातारकरीण
@गोदाकाठचा_माळी, चित्र डोळ्यांसमोर उभं राहिलं. कांद्याच्या गोण्या आमच्याकडेही निघतील. सगळं मिळून किती लागेल?

गोदाकाठचा_माळी
मला पिंप सातशे, पंप अठराशे, पाइप-कॉक-सोल्युशन सहाशे. प्लंबरने मात्र पिंपाला भोक पाडायचे पाचशे घेतले, त्याचं दुःख अजून आहे.

खंड्या
पिंपाऐवजी जागा असेल तर कडेला खडीचा वाफा करा. फूटभर खोल, त्यात कर्दळ, अळू, वाळा. पंपाचं पाणी एका बाजूने खडीत सोडायचं, दुसऱ्या बाजूने हौदात. मुळं नायट्रेट ओढतात. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने सांडपाण्यासाठी फायटोरिड नावाचं तंत्र काढलंय, त्याची जात हीच. फक्त झाडं थेट हौदात लावू नका. कोई म्हणजे पाण्यातली शेळी. माझी कमळाची कुंडी एका रात्रीत उकरून उलटी केली होती.

रातराणी
आणि आयडी खंड्या असूनही तुम्ही मासे पाळता? :)

खंड्या
हो, आणि बिरादरीतले येऊन नेतात. खरा खंड्या लहान पिल्लं उचलतो, पण मोठा चोर ढोकरी. तोच तो मातकट बगळा, तासभर पुतळ्यासारखा काठावर बसणारा. उडाला की पांढरे पंख दिसतात आणि आपला एक मासा कमी झालेला असतो. हौदावर हिरवं शेडनेट ताणून बांधा. सावलीने शेवाळही कमी होतं, म्हणजे एका जाळीत दोन कामं. ताणून मात्र बांधायचंच. सैल पातळ नायलॉनच्या जाळीत आमच्याकडे एक दिवड (पाणसाप) अडकली होती. कात्रीने एकेक धागा कापत तिला सोडवायला दीड तास गेला. ती पूर्ण वेळ माझ्यावर चिडलेली.

पाणदिवड
आमच्या नातेवाइकांची सुटका केल्याबद्दल आभार.

इंद्रायणी_भात
अवांतर : गणपतीत सोसायटीच्या लोकांनी 'तुमच्याकडे तळं आहेच' म्हणून पाच शाडूच्या मूर्ती आणल्या होत्या. नाही म्हणता येईना. एक स्वीकारली, बाकीच्यांना बादली दाखवली. शाडू विरघळला, तीन दिवस मासे दिसेनात. मेलं कोणी नाही, पण निर्माल्याची दूर्वा मात्र चट्टामट्टा.

बोरूबहाद्दर
भक्त मासे.

तोक्योतला_तांदूळ
उशिरा आलो. कामानिमित्त जपानमध्ये असतो. निइगाता प्रांतातल्या ओजिया आणि यामाकोशी भागात गेलो होतो, कोईचं मूळ घर तेच. डोंगराळ भाग, प्रचंड बर्फ. तिथले भातशेती करणारे लोक हिवाळ्यात खायला कार्प पाळायचे, त्यात एकोणिसाव्या शतकात रंगीत निघाले ते निवडून वाढवले. १९१४ साली तोक्योच्या प्रदर्शनात मांडले तेव्हा बाकी जपानला कळलं. पांढऱ्यावर लाल तो कोहाकू, त्यात काळे ठिपके आले की सांके, काळ्याच अंगावर लाल-पांढरा तो शोवा.

मला गंमत वाटली ती तळ्यांची. लाखमोलाचे मासे उन्हाळाभर कुठे असतात? भाताच्या खाचरांसारख्या पायऱ्यापायऱ्यांच्या मातीच्या तळ्यांत. पाणी आपल्या ओढ्याला पूर आल्यावर असतं तसं गढूळ, वरून मासा दिसतच नाही. ऑक्टोबरच्या सुमाराला जाळं लावून काढतात, तेव्हा मालकालाही पहिल्यांदाच कळतं यंदा काय पिकलंय. मी गेलो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ कंबरभर चिखलात उभे राहून टबातल्या माशाकडे बघत होते, नातवाची मार्कलिस्ट बघावी तसे. काचेसारखं पाणी हे बघणाऱ्याच्या सोयीसाठी.

सातारकरीण
@तोक्योतला_तांदूळ, हे यांना वाचून दाखवलं. म्हणाले, मग आपला हौद जपानीच आहे की.

अटलांटिकपार
न्यू जर्सीतून. आमच्याकडे तळं गोठतं. चार फूट खोल ठेवलंय, बर्फात एक भोक उघडं राहील एवढा हीटर, आणि पाणी दहा अंशांच्या खाली गेलं की मार्चपर्यंत खाणं पूर्ण बंद. कार्पला जठर नसतं, थंडीत पचन जवळपास थांबतं. महिनोन्महिने न खाता ठणठणीत राहतात. हे सांगायचं कारण, भारतात गेल्यावर बघतो तर लोक कोईला दिवसातून पाच वेळा चारतात. ढोकरीच्या जागी आमच्याकडे रॅकून, रात्री येऊन झाकणं उघडतो. त्याला हातच असतात.

गुळांबा
खाण्याचं राहिलंच. डबाबंद जपानी चित्रवाले दाणे कशाला? मत्स्यशेतीवाले जे तरंगतं खाद्य वापरतात ते घ्या, चार मिलिमीटरचं. गोणी मोठी असते, दोघातिघांनी वाटून घ्यायची. पावसाळ्यात बुरशी धरते, हवाबंद डब्यात ठेवा आणि वास आला तर फेका. मधूनमधून उकडलेले मटार, कलिंगडाची साल, पालक. अझोला (तरंगती पाणवनस्पती) वेगळ्या टबात वाढवायचा, मला कृषी विज्ञान केंद्रात मूठभर मिळाला, आता टब ओसंडतोय. पाव आणि पोळी नको, पाणी नासतं. पाच मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एकदा किंवा दोनदा.

मधली_सुट्टी
जादा मासे सरळ कृष्णेत सोडून द्या ना. पुण्य लागेल, प्रश्न मिटेल.

पाणदिवड
नाही! कृपया नाही. कोई म्हणजे आपला सायप्रिनसच (साधा कार्प), फक्त पैठणी नेसलेला. तो इथला नाही. १९३९ साली सिलोनहून निलगिरीत आणला गेला आणि १९५७ साली बँकॉकहून दुसरी जात आली. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींची जी यादी आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेने केलीय, त्यात हा कार्प आहे. तळाचा गाळ उकरून पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो, मग तिथे अंडी घालणारे आपले मासे जातात कुठे? शिवाय हौदातली रोगराई आणि उवा नदीला. कोणाला तरी द्या, दुकानाला परत द्या, नर्सरीवाल्याला द्या.

तात्या_पेणकर
किंवा कढईला द्या. सायप्रिनस आमच्याकडे लोक खातात. काटे फार, पण आगळ घालून...

रातराणी
तात्या!!!

तात्या_पेणकर
बाटल्यांची औषधं घातलेले मासे मीही खाणार नाही, घाबरू नका.

नळावरचा_भांडखोर
औषधांवरून आठवलं. ताई, त्या सहाशेच्या बाटल्या बंद करा. घरात फक्त खडे मीठ ठेवा, आयोडीनवालं बारीक नको. मासे अंग घासायला लागले किंवा नायट्राइट वाढलं तर हजार लिटरला एक ते तीन किलो, दोनतीन दिवसांत विभागून, बादलीत विरघळवून. पाच हजार लिटरला जास्तीत जास्त पंधरा किलो. रोजचं मात्र नाही. मीठ उडून जात नाही, पाणी बदलल्याशिवाय कमी होत नाही. आणि मीठ घातलेलं पाणी कढीपत्त्याला घातलंत तर माळीबुवा रडतील. विकत घ्यायचीच असेल तर अमोनियाची टेस्ट किट घ्या, काही शे रुपयांत येते.

सातारकरीण
दीड महिन्याने धागा वर काढतेय. रिपोर्ट कार्ड.

पिंप ६५०, पंप १९५०, पाइप वगैरे ७२०, शेडनेट ४८०, टेस्ट किट ५५०. एकूण ४३५०. पिंपाला भोक यांनीच पाडलं, पहिलं चुकीच्या जागी. त्यावर आता एम-सील आहे आणि त्याबद्दल घरात बोलायचं नाही असं ठरलंय.

पहिले तीन आठवडे अमोनिया उतरेना. रोज किटमधल्या नळीत थेंब टाकायचे, हिरवा रंग बघायचा आणि हताश व्हायचं. मग खाणं दोन दिवसांतून एकदा केलं, दर चार दिवसांनी पाचशे लिटर पाणी बदललं. पाचव्या आठवड्यात नळी पहिल्यांदा पिवळी राहिली. लेकीने तिचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, काकूंनी विचारलं कोणाची टेस्ट आहे.

मासे : चौदांतले आठ दिले. एका नर्सरीवाल्यांकडे मोठं तळं आहे, त्यांनी आनंदाने नेले. पाणदिवड, तुम्ही पाच म्हणाला होतात, सहा राहिलेत. लेकीने एक द्यायला नकार दिला. त्याला रंगच नाही, साधा राखाडी, बाकी सगळ्यांपेक्षा मोठा. नर्सरीवाले म्हणाले हा तर नुसता सायप्रिनस. त्याचं नाव आजोबा.

पाणी अजून हिरवट आहे, पण तळाची फरशी दिसते. तिच्यावर सासऱ्यांनी कोरलेल्या '१९८८' आकड्यातले दोन आठ आता वरून वाचता येतात.

गोदाकाठचा_माळी
अभिनंदन! भोकाबद्दल पूर्ण सहानुभूती. आता पहिल्या मोठ्या पावसाआधी हौदाच्या सांडीला जाळी लावा, पाणी भरून वाहिलं की मासेही वाहतात. आणि पावसाचं पाणी मऊ, पीएच धरून ठेवत नाही. मूठभर शिंपले कुस्करून कांद्याच्या गोणीत घालून पिंपात टाका.

पाणदिवड
सहा चालतील. आजोबांना जागा द्यायलाच हवी.

वांगीभरीत
मी पायरीची कोय शेवटी कुंडीत लावली. कोंब आलाय. कोणाकडे हौदाचं गाळाचं पाणी मिळेल का?

सातारकरीण
या साताऱ्याला. मीठ न घातलेलं देते, बादली तुमची आणा.